देव, अंतराळवीर आणि उपरा

'विश्वास' हा शब्द आपण मराठी माणसे फार सैल हाताने वापरतो. उद्या पाऊस पडेल असा आमचा विश्वास असतो, शेजाऱ्यावर आमचा विश्वास असतो, आणि परमेश्वरावरही आमचा विश्वासच असतो. तिन्ही ठिकाणी शब्द एक, पण मनाची क्रिया एक नव्हे. पहिल्या ठिकाणी अंदाज आहे, दुसऱ्या ठिकाणी भरवसा आहे आणि तिसऱ्या ठिकाणी काय आहे, हे सांगताना आपली जीभ अडखळते. ती अडखळते ह्याचा प्रत्यय आम्हांस काही दिवसांपूर्वी चंदनसार येथे आला, आणि हा लेख त्या अडखळण्यातूनच जन्मला आहे.

विरार पूर्वेच्या ह्या वस्तीत एका परिचित कुटुंबात जपमाळेच्या प्रार्थनेसाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना संपली, चहा आला, आणि घरातील अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाने आमच्यापुढे एक पुस्तक ठेवले. बाळ भागवत ह्यांचे 'देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!'. त्याचा प्रश्न सरळ होता. "सर, देवाला कोणी पाहिले नाही आणि परग्रहवासीयांनाही कोणी पाहिले नाही. मग एकावर विश्वास ठेवणे ही श्रद्धा आणि दुसऱ्यावर ठेवणे हे खूळ, असे का?" आम्ही क्षणात उत्तर दिले, "शास्त्रज्ञसुद्धा न पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवतातच की!" वडीलधारी मंडळी समाधानाने हसली. मुलगा गप्प झाला.

परतताना जीवदानीच्या डोंगरावरचे दिवे दिसत होते आणि आमचे मन आम्हांस खात होते. आम्ही त्याचे तोंड बंद केले होते, त्याची शंका फेडली नव्हती. 'तुम्हीही तसेच, मग आम्ही तसे असलो तर बिघडले कुठे', हे उत्तर वादात जिंकून देते, पण त्यातून श्रद्धेची बाजू मांडली जात नाही. उलट श्रद्धा म्हणजे पुराव्यावाचूनची समजूत, हा प्रतिपक्षाचा आरोपच आपण त्यात मान्य करतो. असे उत्तर आपल्या व्यासपीठांवरून आणि आपल्या लेखांतून वारंवार दिले जाते. आम्हीही दिले आहे. म्हणून त्या मुलाने पुढे केलेल्या पुस्तकापासूनच पुन्हा आरंभ करणे आम्हांस योग्य वाटते.

एरिक व्हॉन डॅनिकेन ह्या स्विस लेखकाचे ह्या विषयावरील पहिले पुस्तक १९६८ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले आणि त्याच्या प्रतिपादनाने जगभरातील वाचकांना झपाटले. प्राचीन काळी परग्रहांवरून प्रगत जीव पृथ्वीवर आले, आदिमानवाने त्यांना देव मानले, आणि सर्व धर्मांच्या कथा ह्या त्या भेटींच्या विस्कटलेल्या आठवणी आहेत, असे त्याचे म्हणणे. मराठीत ही लाट भागवतांच्या पुस्तकाने आणि डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णी ह्यांच्या 'पृथ्वीवर माणूस उपराच!' ह्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. विज्ञानाची ओढ असलेल्या पण विज्ञानाची शिस्त न लाभलेल्या मराठी वाचकाला ह्या पुस्तकांनी विराट विश्वाचे एक दार किलकिले करून दिले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. त्यांची भाषा प्रवाही आहे आणि कुतूहल जागे करण्याची हातोटी निर्विवाद आहे.

परंतु ह्या प्रतिपादनाची तर्कपद्धती तपासू लागलो की निराळेच चित्र दिसते. यहेज्केल संदेष्ट्याला झालेल्या दर्शनातील चाके, ज्वाला आणि चार मुखांचे प्राणी ह्यांत डॅनिकेनला अंतराळयान दिसते. योसेफ ब्लूमरिख ह्या नासातील अभियंत्याने तर १९७३ साली त्या यानाची रचनाच पुस्तकरूपाने मांडली. येथे काय घडते ते पाहावे. बाबिलोनच्या बंदिवासात पिचलेल्या, मंदिराला पारख्या झालेल्या एका समाजाला त्याचा संदेष्टा सांगत आहे की परमेश्वर यरुशलेमच्या मंदिरात अडकून पडलेला नाही, त्याचे सिंहासन चालते आहे, ते परदेशी निर्वासितांपर्यंत येते. चाकांचे प्रयोजन हे आहे. ज्याला चाकांत फक्त यंत्र दिसते, त्याच्या हातून बंदिवानांचे अश्रू निसटतात. साहित्याचा वाचक म्हणून आमचा पहिला आक्षेप हा आहे. ह्या पद्धतीला प्रतिमा वाचता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिरॅमिड माणसाने बांधणे शक्य नाही, म्हणून ते परग्रहवासीयांनी बांधले असावेत. असाच सूर आता आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याबद्दलही ऐकू येतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, छिन्नी आणि हातोडा घेऊन डोंगर वरून खाली कोरत आलेल्या त्या अनाम पाथरवटांचा ह्यापेक्षा मोठा अपमान कोणता? ज्याचे नाव इतिहासाने नोंदवले नाही, त्याचे कामही आपण आता दुसऱ्या कोणाच्या नावे लिहून देतो. आणि तिसरी गोष्ट अशी की, अंतराळवीराला देवाच्या जागी बसवल्याने मूळ प्रश्न सुटत नाही, एक मजला वर सरकतो. त्या अंतराळवीरांना कोणी घडवले, आणि काहीच नसण्याऐवजी हे सर्व का आहे, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

ह्याच मराठी भाषेत ह्याच विषयाकडे सर्वस्वी निराळ्या वृत्तीने पाहणारा एक लेखक होऊन गेला. डॉ. जयंत विष्णू नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल ह्यांच्यासह विश्वरचनाशास्त्रात काम केलेले, १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था उभी करणारे हे शास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजी निवर्तले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाच्या वजनाने निर्णय झुकू नये, ही त्यामागची दृष्टी शास्त्रज्ञाची होती.

नारळीकरांच्या साहित्याची एक गंमत आम्हांस नेहमी जाणवत आली आहे. त्यांच्या पुस्तकांची नावे पाहावीत. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला'. आम्हां ख्रिस्ती वाचकांच्या कानाला तर 'प्रेषित' हा शब्द थेट पेत्र आणि पौल ह्यांच्यापाशी नेतो. परग्रहावरील बुद्धिमान जीवांच्या शोधावर लिहिणाऱ्या विज्ञाननिष्ठ लेखकालाही नाव शोधताना श्रद्धेच्याच कोठारात जावे लागले. ह्यावरून 'पाहा, शेवटी ते आमच्याकडेच आले' असा विजयघोष करणे बालिशपणाचे ठरेल. मात्र एवढे खरे की, जे आपल्याहून थोर आहे आणि वरून आपल्याकडे येणार आहे, त्याची वाट पाहण्याची माणसाची भाषा फार जुनी आहे, आणि नवी वाट पाहणेही त्याच भाषेत बोलते.

त्यांची 'धूमकेतू' ही कथा आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. दत्तदा हे हौशी खगोलनिरीक्षक एक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. जगातले शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अण्वस्त्रे भरलेले यान पाठवून त्याची वाट वळवतात. इकडे घरी इंद्राणीदेवी धूमकेतूचे अरिष्ट टळावे म्हणून शांतियज्ञ मांडतात. संकट टळते तेव्हा श्रेय यज्ञाला मिळते, आणि विज्ञानदृष्टी अजून किती दूर आहे ह्याची खंत दत्तदांना वाटते. कथा नेटकी आहे आणि उपहास मर्यादेत आहे. पण समीक्षक म्हणून आम्हांस येथे एक उणीव दिसते. श्रद्धेचे जे रूप ह्या कथेत येते ते विमा उतरवण्याचे रूप आहे. इतके द्यावे, तितके टळावे. जी श्रद्धा संकट टळले नाही तरी टिकते, जी इयोबाने राखेत बसून राखली, तिला ह्या कथेत जागा नाही. संकट टळलेच नसते तर इंद्राणीदेवी काय म्हणाल्या असत्या, हा प्रश्न लेखकाने विचारला असता तर कथा अधिक खोल उतरली असती.

हे लिहिताना आमचीच लेखणी आमच्याकडे वळते. नारळीकरांना श्रद्धेचे तेवढेच रूप दिसले, कारण आपण बहुतेक जण तेवढेच दाखवतो. नऊ दिवसांची प्रार्थना, नवस, परीक्षेआधीची मेणबत्ती. आपला देवाशी चालणारा व्यवहार पुष्कळदा इंद्राणीदेवींहून निराळा नसतो. आकाशात दूर कोठेतरी राहणारा, आपल्याहून अतिसमर्थ, अर्ज केल्यास मदत करणारा कोणी एक, अशी देवाची कल्पना आपण मुलांना दिली, तर ती मुले त्याची तुलना परग्रहवासीयाशी करणारच. असा देव म्हणजे यान नसलेला अंतराळवीरच होय. चंदनसारच्या त्या मुलाचा प्रश्न म्हणूनच उद्धट नव्हता. तो आमच्या शिकवणुकीचा आरसा होता.

नारळीकरांनी परजीवसृष्टीचा विचार केवळ कथांत केला नाही. सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत, ह्या हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे ह्यांच्या मताची कसोटी घेण्यासाठी त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादहून मोठे फुगे सोडण्यात आले, २००१ साली आणि पुन्हा २००५ साली. एकेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने निर्जंतुक नळ्यांत गोळा झाले. दुसऱ्या खेपेस जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. त्यांतल्या एकीला आर्यभटाचे, एकीला इस्रोचे आणि एकीला हॉइल ह्यांचे नाव मिळाले. अतिनील किरणांना तोंड देण्याची त्यांची शक्ती त्यांच्या जवळच्या भाऊबंदांहून अधिक होती. हे सारे मिळाल्यावर डॅनिकेनने काय केले असते ह्याची कल्पना करावी! पण २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केले की, हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे ह्यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही. ज्या मतावर मनाचा कल आहे, त्याच मताला पुरेसा पुरावा मिळाला नाही असे आपल्याच तोंडाने सांगणे, ही एक तपश्चर्या आहे. चमत्कारांच्या वार्ता कानी येताच त्या चार ठिकाणी पोहोचवणाऱ्या आपण श्रद्धावंतांनी ती शिकण्यासारखी आहे.

तेव्हा परजीवसृष्टीवरचा विश्वास म्हणजे निव्वळ खूळ, हे म्हणणे टिकत नाही. १९६० साली फ्रँक ड्रेक ह्यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथून दोन ताऱ्यांकडे रेडिओ दुर्बीण वळवून पहिल्यांदा कान लावला. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील दुर्बिणीने बहात्तर सेकंदांचा एक विलक्षण संकेत टिपला, पण तो पुन्हा कधी आला नाही, म्हणून त्याला पुरावा मानले गेले नाही. १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलॉ ह्यांनी सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. आज अशा परग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. ग्रह इतके, तर कोठेतरी जीवही असावेत, हा अंदाज वाजवी आहे. परंतु तो अंदाजच आहे. त्याला होकार किंवा नकार देणारा पुरावा तत्त्वतः उद्या हाती येऊ शकतो, आणि आला की विश्वास संपेल, ज्ञान सुरू होईल.

परमेश्वरावरील श्रद्धा ह्या जातीची नाही. संत थॉमस अक्विनस ह्यांनी तेराव्या शतकातच शिकवले की, परमेश्वर हा कोणत्याही वर्गात मोडणारा एक पदार्थ नव्हे. विश्वातील वस्तूंची यादी केली आणि शेवटी 'आणि देव' असे लिहिले, असे होत नाही. यादी आहे हेच ज्याच्यामुळे आहे, तो परमेश्वर. परग्रहवासी सापडले तर यादीत एका ओळीची भर पडेल. म्हणूनच त्यांच्या असण्याने देव धोक्यात येत नाही आणि नसण्याने सिद्धही होत नाही.

ख्रिस्तसभेला हे नेहमीच सहज उमगले असे आम्ही म्हणणार नाही. १२७७ साली पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए ह्यांनी निषिद्ध ठरवलेल्या २१९ विधानांत 'आदिकारणाला अनेक विश्वे निर्माण करता येत नाहीत' ह्या मताचाही समावेश होता, म्हणजे देवाच्या सामर्थ्याला आपल्या तर्काचे कुंपण घालू नये असे बजावले गेले. कुसाचे निकोलस ह्यांनी १४४० साली इतर गोलांवर रहिवासी असू शकतील असा विचार मांडला आणि ते पुढे कार्डिनल झाले. पण अगणित जगांची कल्पना मांडणाऱ्या जिओर्दानो ब्रुनोला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळण्यात आले. त्याच्यावरील आरोपांत इतर अनेक धर्ममतांचे प्रश्न होते हे खरे, तरीही ती आग आपल्या इतिहासावरचा डाग आहे आणि तो आपण झाकू नये. आज चित्र पालटले आहे. व्हॅटिकन वेधशाळेचे तत्कालीन संचालक, येशूसंघीय फादर होसे गाब्रिएल फुनेस ह्यांनी २००८ साली एका मुलाखतीत परग्रहवासीयाला आपला भाऊ म्हणण्यास हरकत नसल्याचे सांगितले. २०२५ सालापासून त्या वेधशाळेची धुरा येशूसंघाच्या गोवा प्रांतातील फादर रिचर्ड डिसोझा ह्यांच्याकडे आहे, ही आपल्या कोकणकिनाऱ्याला अभिमानाची गोष्ट होय.

मग दोन विश्वासांतला फरक आमच्या त्या तरुण मित्राला कसा सांगावा? एक दृष्टांत आम्हांस सुचतो. १९७७ साली अंतराळात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तीत पंचावन्न भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत आपली मराठीही आहे. आणि गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर ह्यांच्या स्वरांतील भैरवी आहे. यान निघाले त्याच वर्षी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंचे देहावसान झाले. त्यांचा स्वर मात्र सूर्यमालेच्या वेशीपलीकडे जात राहिला आहे, ऐकणारा कोणी आहे की नाही हे ठाऊक नसताना. हे मानवी कृत्य आम्हांस अतिशय हृद्य वाटते. प्रार्थनेशी त्याचे नाते आहे. पण प्रार्थना तेथे थांबत नाही. तबकडी पत्ता नसलेल्या कोणाला तरी उद्देशून आहे. प्रार्थना करणारा मात्र आपण आधीच हाकारले गेलो आहोत आणि आपले बोलणे हे उत्तर आहे, ह्या भावनेने बोलतो. म्हणून तबकडी पाठवणाऱ्याला बदलावे लागत नाही. प्रार्थना करणाऱ्याला बदलावे लागते.

आमच्या मते कसोटी हीच आहे. उद्या एखाद्या दूरच्या ग्रहावर जीव सापडला तर चंदनसारच्या माणसाला आश्चर्य वाटेल, आनंद होईल, पण शेजाऱ्याशी वागण्याची त्याची रीत बदलण्याचे कारण नाही. उलट परमेश्वर आहे असे म्हणताच शेजाऱ्याचा प्रश्न दारात उभा राहतो. नाडकर्णींच्या शीर्षकातील 'उपरा' हा शब्द येथे आमच्या मनात निराळाच अर्थ घेऊन येतो. मराठी साहित्यात हा शब्द आणखी एका पुस्तकाचे नाव आहे. लक्ष्मण माने ह्यांचे १९८० सालचे आत्मकथन, ज्यात कैकाडी समाजातील एक मुलगा आपल्याच देशात गावकुसाबाहेर वाढतो. एका पुस्तकातला उपरा ताऱ्यांवरून आला, दुसऱ्यातला वेशीबाहेरच्या पालातून. पहिला वाचताना अंगावर रोमांच येतात. दुसरा वाचताना मान खाली जाते. श्रद्धेचा संबंध ह्या दुसऱ्या उपऱ्याशी आहे, असे प्रभू येशूने अंतिम न्यायाच्या दृष्टांतात परक्याला घरात घेण्याविषयी बोलताना पुरते स्पष्ट केले आहे.

आणि चंदनसारमध्ये उपऱ्यांची वाण कोठे आहे? विरारच्या ह्या बाजूला रोज नवी माणसे येतात. कोणी उत्तरेकडून, कोणी मराठवाड्यातून, कोणी मुंबईत घर परवडेना म्हणून. जुने रहिवासी त्यांच्याविषयी ज्या सुरात बोलतात तो आम्ही ऐकला आहे, आणि कधी त्यात आपलाही सूर मिसळला आहे. येथील मूळचा आदिवासी तर ह्या गर्दीत आपल्याच पाड्यावर उपरा होत चालला आहे. परग्रहावरील पाहुण्याला भाऊ म्हणण्यास आपण राजी असू, तर जिन्यातल्या नव्या बिऱ्हाडाला काय म्हणतो, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे २०२० सालचे उस्मानाबाद येथील अध्यक्षपद वसईच्या नंदाखाल गावच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी भूषवले, आणि त्यानंतरचे २०२१ सालचे नाशिकचे अध्यक्षपद जयंत नारळीकर ह्यांच्याकडे आले. 'सुबोध बायबल' मराठीत आणणारा धर्मगुरू आणि ताऱ्यांपलीकडच्या जीवांचा माग काढणारा शास्त्रज्ञ, हे दोघे लागोपाठ एकाच आसनावर आले, ह्यात मराठी सारस्वताला काही विसंगत वाटले नाही. दोघेही आता आपल्यात नाहीत. एकाकडून आपण खात्री नसताना 'ठाऊक नाही' म्हणण्याचे धैर्य घ्यावे, आणि दुसऱ्याकडून, ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याच्यासाठी जगणे बदलण्याचे.

त्या मुलाला आम्ही लवकरच पुन्हा भेटणार आहोत. त्याचे पुस्तक आमच्याकडे आहे, ते परत करावयाचे आहे. त्याच्यासोबत 'उपरा'ची एक प्रतही नेऊ म्हणतो. आणि त्या संध्याकाळचे आमचे उत्तर चुकीचे होते, हे त्याच्या घरच्यांदेखत सांगू.